एकत्र बसून पवित्र शास्त्र वाचू या
(वाचनासाठी : लूक २४:१३-३५)



सप्टेंबर महिन्यात आपण हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला मोठ्या भक्तीने जातो. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेत पाय ठेवायला जागा नसते. पण आठवड्यातून एकदा शेजारच्या चार घरांनी एकत्र बसून बायबल उघडायचे म्हटले, की आपल्याला वेळ नसतो. बायबल प्रत्येक घरात आहे. बहुतेकदा ते शोकेसमध्ये आहे. असे का होते, हे आज आपण स्वतःलाच विचारू या.

संत लूक दोन शिष्यांची गोष्ट सांगतो. एकाचे नाव क्लयपा. यरुशलेमहून ते अम्माऊसला निघाले होते. अंतर सुमारे ११ किलोमीटर, म्हणजे आपण सीबीएसहून पायी नाशिकरोड गाठून आणखी थोडे पुढे जावे इतके. प्रभूविषयीची सगळी माहिती त्यांना होती. त्याची कृत्ये, त्याचे मरण, रिकामी कबर, स्त्रियांनी आणलेला निरोप, सारे त्यांना ठाऊक होते. तरी त्यांची तोंडे उतरलेली होती, कारण ह्या साऱ्याचा अर्थ त्यांना उमगला नव्हता. आपलेही असेच होते. लहानपणापासून मिस्सामध्ये वाचने ऐकली, पण घरात आजारपण आले, मुलाची नोकरी गेली, की त्या वाचनांतले काहीच हाताशी येत नाही.

येथे तीन गोष्टी लक्षात घेऊ.

पहिली, ते दोघे होते आणि ते बोलत होते. आपली आशा संपली, हेही त्यांनी लपवले नाही. प्रभू त्यांच्यावर रागावून निघून गेला नाही. तो त्यांच्याबरोबर चालत राहिला. आपल्या सभेत शंका आणि दुःख बोलायला जागा हवी.

दुसरी, प्रभूने मोशे आणि संदेष्टे ह्यांच्यापासून सुरुवात करून त्यांना शास्त्र उलगडून सांगितले. त्या वेळी त्यांचे अंतःकरण पेटले, पण ओळख पटली ती भाकर मोडताना. म्हणून बायबल अभ्यास मिस्साच्या जागी येत नाही. तो आपल्याला वेदीकडेच आणतो.

तिसरी, ते त्याच रात्री यरुशलेमला, आपल्या बंधूंकडे परतले. ज्याला वचन मिळाले तो एकटा राहत नाही.

ही काही नवी पद्धत नाही. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे मराठी ओव्यांतील ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. लोक एकत्र जमून ते ऐकत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी दैवी प्रकटीकरणाविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि सर्व श्रद्धावंतांना प्रार्थनापूर्वक शास्त्रवाचनाचा आग्रह केला. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१९ मध्ये सामान्य काळातील तिसरा रविवार देवाच्या वचनाचा रविवार म्हणून ठरवून दिला.

सुरुवात कशी करावी? दक्षिण आफ्रिकेतील लुम्को संस्थेने रूढ केलेल्या सात पायऱ्या सोप्या आहेत :

१. प्रार्थनेने प्रभूला आपल्यात बोलवावे.
२. उतारा सावकाश वाचावा.
३. मनाला भिडलेला शब्द प्रत्येकाने मोठ्याने उच्चारावा.
४. काही मिनिटे शांत राहावे.
५. मनात काय आले ते सांगावे. वाद घालू नये, दुसऱ्याला उपदेश करू नये.
६. ह्या आठवड्यात काय करायचे ते ठरवावे. आजाऱ्याला भेटणे, अबोला सोडणे, असे काहीही चालेल.
७. प्रार्थनेने समाप्ती करावी.

ज्या आजींना वाचता येत नाही त्यांनी संकोच करू नये. एकाने वाचावे, सर्वांनी ऐकावे. क्लयपाने आणि त्याच्या सोबत्यानेही वाटेवर शास्त्र ऐकलेच होते.

घरी विचार करण्यासाठी :
- माझी कोणती आशा मावळली आहे? ती मी प्रभूला सांगितली आहे का?
- ह्या आठवड्यात मी कोणत्या शेजाऱ्याला बरोबर बसायला बोलावीन?

हे प्रभू, आमच्याबरोबर राहा. बंद पडलेले बायबल आणि बंद झालेली मने उघड. आमेन.