फेटाळलेला अर्ज आणि परीक्षेचा पुरावा

"मामा, आता सगळ्या परीक्षा पुन्हा द्यायच्या का?" इंग्लंडातून भाचीचा फोन आला. ग्वाल्हेरला बी.एस्सी. होऊन ती लग्नानंतर तिकडे गेली. पाच वर्षांनी कायम वास्तव्यासाठी केलेला अर्ज नामंजूर झाला. आणखी अडीच वर्षे राहण्याची परवानगी तेवढी मिळाली. तिचे कागद पाहताना मी जे शिकलो, ते परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी येथे मांडतो.

ब्रिटनमध्ये कायम राहू इच्छिणाऱ्या १८ ते ६४ वर्षे वयाच्या बहुतेक अर्जदारांना दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : तेथील जीवनाची माहिती व इंग्रजीचे ज्ञान.

पहिलीसाठी 'लाइफ इन द यूके' ही परीक्षा असते. कायम वास्तव्यासाठी ती २००७ पासून आवश्यक झाली. ४५ मिनिटांत २४ प्रश्न. १८ उत्तरे बरोबर आली की उत्तीर्ण. या यशाला मुदत नाही. अर्ज फेटाळला तरी परीक्षा फेटाळली जात नाही. तोच क्रमांक नव्या अर्जात देता येतो. भाचीची निम्मी चिंता येथेच मिटली.

इंग्रजीचे तसे नाही. जोडीदार म्हणून गेलेल्यास प्रवेशाला ए-१, मुदतवाढीला ए-२ आणि कायम वास्तव्याला बी-१ अशा पायऱ्या तिच्या वेळी होत्या. भाचीने ए-२ चे जुने प्रमाणपत्र जोडले. "एकदा मान्य झाले होते ना?" हे तिचे म्हणणे. मान्य झाले होते, पण खालच्या पायरीसाठी! जुना पुरावा चालतो तो आवश्यक पातळीचा असून पूर्वीच्या मंजूर झालेल्या अर्जात स्वीकारला गेला असेल तरच. एरवी परीक्षेचे प्रमाणपत्र अर्जाच्या दिवशी दोन वर्षांहून जुने असता कामा नये. शिवाय ही पातळी बी-२ करण्याचे धोरण ब्रिटिश सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले आहे. तेव्हा मागच्या वेळचा नव्हे, अर्जाच्या दिवशीचा नियम वाचावा.

दुसरा मार्ग पदवीचा. आपली पदवी ब्रिटिश पदवीच्या तोडीची आहे व ती इंग्रजीतून शिकविली गेली, असे 'एक्टिस' या तेथील संस्थेकडून प्रमाणित करून घ्यावे लागते. भाचीने हाच मार्ग धरला. पण माध्यमाचा दाखला कोठे होता? तो मिळविण्यासाठी मला कार्यालयात चार खेपा घालाव्या लागल्या. त्यातच गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, पारपत्रावर सासरचे! दोन्ही नावे एकाच मुलीची, हे दाखविण्यास विवाहनोंदणीचा दाखला जोडला.

नकारपत्र आले की निराश न होता त्यातील प्रत्येक कारणासमोर एकेक कागद मांडावा. पूर्वीचा नकार लपवू नये. जे सिद्ध झालेले आहे ते पुन्हा करण्यात पैसा दवडू नये. जे झालेले नाही ते झाले असे समजू नये.

आणि विद्यार्थिमित्रांनो, गाव सोडण्यापूर्वी माध्यमाचा दाखला मागून घ्या. येथे तो एका अर्जाचे काम आहे. तेथून मागविताना मात्र त्यावर संसार अडतो.