टपालावरची तारीख

(सरकारी कचेरीत न्यायालयाच्या प्रकरणांचे काम कसे चालते आणि त्यात लिपिकाचा वाटा कोणता, हे या पाठात सांगितले आहे. या कामातले पुष्कळ शब्द तुम्हांला घरचेच वाटतील. काही शब्दांचे मराठीतले अर्थ मात्र वेगळे आहेत. ते नीट लक्षात घ्या.)



‘मोठेपणी कोण होणार?’ असे विचारले, की वर्गात भराभर हात वर होतात. कोणी डॉक्टर होणार असते, कोणी वकील, तर कोणी न्यायाधीश. ‘मी विधी शाखेत लिपिक होणार’ असे मात्र सहसा कोणी म्हणत नाही. पण वकिलांनी बोलायचे आणि न्यायाधीशांनी निकाल द्यायचा, तर त्यांच्यासमोर कागद यावे लागतात. ते कागद वेळेवर आणि नीट लावून कोण पाठवतो? आज आपण त्याच माणसाच्या खुर्चीवर बसून पाहू.

समजा, तुम्ही जिल्हाधिकारी कचेरीच्या विधी शाखेत नोकरीला लागला आहात. परीक्षा देऊन आला आहात. मिनिटाला ३० शब्द या वेगाने मराठी टंकलेखन तुम्हांला येते. सरकारवर कोणी दावा केला किंवा सरकारला कोणावर दावा करावा लागला, तर त्याचे कागद तुमच्या शाखेत येतात. आज तुमचा पहिला दिवस आहे. सकाळचे टपाल आले आहे. त्यात एक जाड पाकीट आहे. ते एका वकिलाने पाठवले आहे.

पाकीट फोडण्याची घाई करू नका. आधी त्यावर आवक शिक्का मारा. शिक्क्यात आजची तारीख असते. मग आवक नोंदवहीत क्रमांक घालून नोंद करा. आता बऱ्याच कचेऱ्यांत ही नोंद संगणकावर होते. वही असो की संगणक, नियम एकच : कागद ज्या दिवशी आला, त्याच दिवसाची तारीख त्यावर पडली पाहिजे. ‘आज गर्दी आहे, उद्या शिक्का मारू,’ असे म्हणून चालत नाही. ते का, हे पाकीट उघडल्यावर कळेल.

पाकिटात एका आजीबाईंची नोटीस आहे. आजीबाईंचे पती काही वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या नावावर दोन एकर जमीन होती. आजीबाईंनी वारस म्हणून आपले नाव लावण्यासाठी अर्ज केला. तलाठ्याने जबाब घेतला. पण सातबारा उताऱ्यावर आजीबाईंचे नाव आलेच नाही. त्या खूप वेळा कचेरीत गेल्या. शेवटी वकिलामार्फत त्यांनी ही नोटीस दिली : ‘माझे नाव लावा, नाहीतर मी न्यायालयात दावा करीन.’

सरकारवर दिवाणी दावा करायचा असेल, तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ या कायद्याच्या कलम ८० मध्ये हे सांगितले आहे. फारच तातडी असेल, तर न्यायालयाची परवानगी घेऊन नोटिशीशिवायही दावा करता येतो. पण एरवी दोन महिने थांबावेच लागते. हे दोन महिने कशासाठी ठेवले आहेत? सरकारने आपली चूक तपासावी, ती दुरुस्त करता येत असेल तर करावी आणि माणसाला न्यायालयाची पायरी चढावी लागू नये, यासाठी.

आता शिक्क्याचे महत्त्व लक्षात आले ना? दोन महिने मोजायचे, ते नोटीस मिळाल्याच्या दिवसापासून. तुम्ही शिक्का चुकवला, तर पुढची सगळी मोजणी चुकते. तुम्ही नोटीस कपाटात ठेवून विसरलात, तर दोन महिने निघून जातात. मग दोन एकर जमिनीसाठी एका म्हाताऱ्या बाईला वकिलाची फी भरावी लागते आणि वर्षानुवर्षे तारखांना जावे लागते.

तुम्ही तसे करत नाही. नोटीस नीट वाचता. गाव कोणते, गट क्रमांक कोणता, मागणी काय, हे एका कागदावर टिपता. तहसील कचेरीकडून सातबारा आणि फेरफार नोंदवहीची नक्कल मागवता. कागद येतात. तुम्ही ते शेजारी शेजारी ठेवून पाहता. फेरफार नोंदवहीत आजीबाईंची वारस नोंद मंजूर झालेली आहे! फक्त ती सातबारावर उतरवायची राहून गेली आहे. ही लिहिण्यातली चूक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ प्रमाणे अशी चूक दुरुस्त करता येते.

दुरुस्तीचा हुकूम तुम्ही काढू शकत नाही. तो अधिकार तुमचा नाही. पण तुम्ही टिपणी लिहू शकता. टिपणीत चार गोष्टी असाव्यात : काय घडले, कागदांत काय आढळले, नियम काय सांगतो आणि कोणता निर्णय घ्यावा. तुम्ही टिपणी लिहिता आणि ती वरिष्ठांकडे पाठवता. त्यांनाच कचेरीत पिढ्यान्‌पिढ्या ‘अव्वल कारकून’ म्हणत आले आहेत. अव्वल म्हणजे पहिला, हे तुम्हांला सांगायला नकोच. त्यांच्याकडून ती अधिकाऱ्यांकडे जाते. हुकूम निघतो. आजीबाईंचे नाव सातबारावर येते. दावा होतच नाही. वर्तमानपत्रात ही बातमी छापून येत नाही. पण एका घरात त्या दिवशी दिवा थोडा मोठा लागतो.

प्रत्येक नोटीस अशी मिटत नाही. कधी सरकारची बाजू खरी असते, कधी दोन्ही बाजूंना आपलेच खरे वाटते. मग दावा दाखल होतो आणि न्यायालयातून समन्स येते. आता तुमचे काम वाढते. दाव्यात जेवढे परिच्छेद असतील, तेवढ्यांवर कचेरीचे म्हणणे लिहावे लागते. याला परिच्छेदनिहाय अभिप्राय म्हणतात. कोणती गोष्ट मान्य, कोणती अमान्य आणि त्याला पुरावा कोणता, हे एकेका परिच्छेदापुढे लिहायचे. सोबत कागद लावायचे. प्रत्येक पानावर क्रमांक घालायचा आणि वर सूची ठेवायची. ही धारिका सरकारी वकिलांकडे जाते. तिच्या आधारे ते लेखी कैफियत तयार करतात.

‘कैफियत’ हा शब्द वाचून तुम्ही थांबला असाल. उर्दूत कैफियत म्हणजे हाल, अवस्था. मराठी न्यायालयात मात्र दाव्याला दिलेल्या लेखी उत्तराला कैफियत म्हणतात. असे आणखीही शब्द आहेत. उर्दूत खुलासा म्हणजे सारांश. मराठी कचेरीत ‘खुलासा द्या’ म्हटले, तर सारांश देऊ नका. असे का घडले, ते सविस्तर सांगा. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल, तर मराठीत हरकत म्हणजे आक्षेप. उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी. मराठीत दफ्तर म्हणजे कागदपत्रांचा संग्रह, आणि तुमच्या पाठीवर असते तेही दफ्तरच! सर्वांत जपून वापरायचा शब्द म्हणजे राजीनामा. उर्दूत राजीनामा म्हणजे दोन्ही पक्षांची तडजोड. मराठीत राजीनामा म्हणजे इस्तिफा. ‘दोन्ही पक्षांनी राजीनामा दिला’ असे तुम्ही लिहिले, तर मराठी वाचणारा म्हणेल, ‘नोकरी कोणी सोडली?’

हे शब्द मराठीत आले कसे? दख्खनमध्ये अनेक शतके फारसीत कारभार चालला. अर्ज, दावा, वकील, जामीन, तारीख, मुदत, नक्कल हे शब्द त्या काळात मराठीत रुजले. छत्रपती शिवाजी महाराजांनी ‘राज्यव्यवहारकोश’ तयार करवून घेतला आणि फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द सुचवले. पुढे महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ प्रमाणे राज्याचा कारभार मराठीतून होऊ लागला आणि अनेक नवे शब्द घडले. तरी जुने शब्दही टिकून आहेत. म्हणून विधी शाखेच्या टेबलावर तुम्ही अगदीच परके नसता. अर्धी वाट तुम्हांला आधीच माहीत असते.

आता या कामातली सर्वांत कठीण जागा पाहू. समजा, दाव्याचा निकाल लागला आणि तो सरकारच्या विरुद्ध गेला. अपील करायचे की नाही, हे अधिकारी ठरवतील. पण ठरवायला वेळ मिळाला पाहिजे. तो मिळवून देणे तुमच्या हाती आहे.

मुदत अधिनियम, १९६३ मध्ये अपिलाचे दिवस ठरवून दिले आहेत. दिवाणी हुकूमनाम्याविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करायला ९० दिवस मिळतात, जिल्हा न्यायालयात ३० दिवस. अपिलासाठी निकालाची प्रमाणित नक्कल काढावी लागते. नकलेसाठी अर्ज केल्यापासून ती तयार होईपर्यंत जे दिवस जातात, ते मुदतीत धरत नाहीत.

उदाहरण घेऊ. निकाल १ मार्चला लागला. अपील जिल्हा न्यायालयात करायचे आहे. निकालाचा दिवस मोजत नाहीत, म्हणून तिसावा दिवस ३१ मार्चला येतो. तुम्ही ३ मार्चला नकलेसाठी अर्ज केला आणि नक्कल १३ मार्चला तयार झाली. हे ११ दिवस वगळले, की मुदत ११ एप्रिलपर्यंत जाते. पण नक्कल १३ तारखेला तयार असून तुम्ही ती २८ तारखेला आणायला गेलात, तर? मधले १५ दिवस कोणी वगळून देत नाही. ते तुमच्या आळसाच्या खात्यात जमा होतात. आणि ३१ मार्चपर्यंत तुम्ही अर्जच केला नाही, तर मुदत संपली. मग ‘उशीर माफ करा’ असा अर्ज करावा लागतो आणि उशिराचे सबळ कारण दाखवावे लागते.

‘सरकारचे काम आहे, न्यायालय समजून घेईल,’ असे कोणी म्हणेल. तसे नेहमी होत नाही. टपाल खात्याचे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल ११ सप्टेंबर २००९ चा होता. नकलेसाठी अर्ज केला गेला ८ जानेवारी २०१० ला. नक्कल त्याच दिवशी मिळाली! जी नक्कल एका दिवसात मिळाली, ती मागायलाच जवळजवळ चार महिने लागले. पुढे फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. सर्वोच्च न्यायालयात पोहोचेपर्यंत ४२७ दिवसांचा उशीर झाला होता. २०१२ मध्ये न्यायालयाने तो उशीर माफ करण्यास नकार दिला. मुदतीचा कायदा सर्वांना सारखाच लागू आहे, सरकारलाही, असे न्यायालयाने सांगितले. खात्याची बाजू खरी होती की खोटी, हा प्रश्न मागेच राहिला.

मित्रांनो, असे प्रकरण बुडाले, तर नुकसान कोणाचे होते? सरकारचा पैसा म्हणजे लोकांचा पैसा. तो कराच्या रूपाने आपणच भरलेला असतो. आणि नोटीस कपाटात पडून राहिली, तर नुकसान आजीबाईंचे होते. म्हणजे दोन्हीकडे आपलीच माणसे आहेत. विधी शाखेतला लिपिक कोणाची बाजू मांडत नाही आणि निकालही देत नाही. तो फक्त एवढे पाहतो, की उशिरामुळे कोणी हरू नये. जो हरेल, तो आपली बाजू मांडून मग हरावा.

या खुर्चीवर बसताना आणखी तीन गोष्टी पाळा. पहिली : धारिकेतली गोष्ट कचेरीबाहेर बोलू नका, अगदी घरीसुद्धा नाही. दुसरी : कोणी विचारले, ‘साहेब, मी दावा करू का?’ तर सल्ला देऊ नका. तो वकिलाने द्यायचा असतो. अर्ज कोठे द्यायचा, सोबत काय जोडायचे, पोच कशी घ्यायची, हे मात्र आनंदाने सांगा. तिसरी : कागद पुढे सरकवण्यासाठी कोणाचा चहासुद्धा घेऊ नका. तुमच्या कामाचा पगार तुम्हांला मिळतोच.

आज न्यायालयांची माहिती संगणकावर पाहता येते. प्रत्येक खटल्याला १६ अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक असतो. तो टाकला, की पुढची तारीख पडद्यावर दिसते. पण ती तारीख पाहायची, डायरीत लिहायची आणि आठ दिवस आधी वरिष्ठांना आठवण करून द्यायची, हे काम माणसालाच करावे लागते.

म्हणून उद्यापासून एक सवय लावून घ्या. वहीच्या प्रत्येक पानावर आधी तारीख लिहा. गुरुजींनी दिलेल्या कामाची मुदत शेजारी लिहा. छोटी सवय आहे. पण कोण जाणे, एखाद्या आजीबाईंची दोन एकर जमीन पुढे याच सवयीमुळे वाचेल.

शब्दार्थ

विधी – कायदा, कानून
लिपिक – कारकून
आवक – बाहेरून कचेरीत आलेले टपाल
धारिका – फाईल
टिपणी – निर्णयासाठी वरिष्ठांपुढे ठेवलेले लेखी म्हणणे
प्रमाणित नक्कल – न्यायालयाने खरी म्हणून दिलेली प्रत
हुकूमनामा – दिवाणी दाव्यात न्यायालयाने दिलेला अंतिम हुकूम
सबळ – जोरदार, पटण्याजोगे
पोच – कागद मिळाल्याची पावती

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आजीबाईंच्या नोटिशीत कोणती मागणी होती?
(आ) सरकारवर दिवाणी दावा करण्यापूर्वी किती महिन्यांची नोटीस द्यावी लागते?
(इ) परिच्छेदनिहाय अभिप्राय म्हणजे काय?

प्रश्न २. कारणे लिहा.
(अ) टपाल आल्याच दिवशी त्यावर शिक्का मारला पाहिजे.
(आ) टपाल खात्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उशीर माफ केला नाही.

प्रश्न ३. पुढील शब्दांचे उर्दूतील व मराठीतील अर्थ लिहून मराठी अर्थाने वाक्यांत उपयोग करा.
खुलासा, हरकत, राजीनामा, कैफियत.

प्रश्न ४. हिशेब करून सांगा.
दाव्याचा निकाल ५ जूनला लागला. नकलेसाठी ८ जूनला अर्ज केला. नक्कल १५ जूनला तयार झाली. जिल्हा न्यायालयात अपील करण्याची शेवटची तारीख कोणती?

उपक्रम : तुमच्या घरातील एखादा जुना सरकारी कागद वडीलधाऱ्यांच्या परवानगीने पाहा. त्यावरील शिक्का, क्रमांक व तारीख शोधा. त्यातील ओळखीचे शब्द वहीत लिहून काढा.