छापील किंमत आणि मनाची टोचणी

शास्त्रपाठ : लेवीय २५:१४-१६, लूक ३:१२-१४, लूक १९:१-१०

जबलपूरमधील एका संगणकाच्या दुकानात आपण विक्रेते आहात, अशी कल्पना करा. १९४७ साली स्थापन झालेल्या तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयात मुलाला प्रवेश मिळाला म्हणून मंडल्याहून एक शेतकरी आला आहे. त्याला यंत्रातले काही कळत नाही. कोणते घ्यावे, हे तो आपल्यालाच विचारतो. आपण त्याला मुलाच्या अभ्यासास न लागणारे महागडे ग्राफिक्स कार्ड आणि सोनेरी टोकांची एचडीएमआय केबल देता. साध्या, प्रमाणित केबलनेही पडद्यावर तेच चित्र दिसले असते, हे आपणांस ठाऊक असते. टार्गेट पूर्ण होते, कमिशन मिळते. परंतु रात्री प्रार्थनेस गुडघे टेकले की त्या बापाचा चेहरा डोळ्यांपुढे उभा राहतो. या टोचणीचे काय करावे?

१. नफा हे पाप नाही. दुकानाचे भाडे, वाहतूक, नोकरांचे पगार, विक्रीनंतरची दुरुस्ती हे सारे किमतीत येतेच. शिवाय संगणकावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. शेजारच्या दुकानापेक्षा दर अधिक, एवढ्यावरून कोणी लुटारू ठरत नाही.

२. कायद्याची मर्यादा ही न्यायाची मर्यादा नाही. पाकिटावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीहून अधिक घेण्यास कायद्याने मनाई आहे. परंतु त्या किमतीच्या आत राहूनही माणसाला लुबाडता येते. जमिनीच्या व्यवहारात एकमेकांस फसवू नये, अशी आज्ञा लेवीयाच्या २५ व्या अध्यायात आहे. तेथे किमतीचे मापही दिले आहे : योबेल वर्षापर्यंत घेणाऱ्यास किती पिके मिळतील, त्यावरून मोल ठरवावे. घेणाऱ्याच्या पदरात खरोखर काय पडते, हे तेथे पाहिले आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनीही याच अंगाने विचार केला. वस्तू देताना विकणाऱ्यास तोटा होत असेल तर त्याने अधिक घ्यावे; परंतु घेणाऱ्याची गरज पाहून किंमत वाढवू नये, कारण ती गरज विकणाऱ्याच्या मालकीची नाही. अज्ञानाविषयीही असेच म्हणता येईल.

३. किंमत मालकाची, शब्द मात्र आपला. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने जकातदारांस काम सोडण्यास सांगितले नाही. ठरल्यापेक्षा अधिक घेऊ नका, असे सांगितले. दर ठरविणे नोकराच्या हाती नसते. परंतु “हे आपल्याला लागणार नाही” एवढे सांगणे त्याच्या हाती असते. त्यामुळे कमिशन घटेल, कदाचित मालकाची बोलणीही खावी लागतील. घरखर्च पगारावर चालत असताना हे सोपे नाही. तरीही खोटे बोलल्यावाचून जी नोकरी टिकत नाही, ती सोडून दुसरी शोधणेच प्राप्त आहे.

४. पश्चात्तापाला हिशेब असतो. जक्कयाने नुसते अश्रू ढाळले नाहीत. फसवणुकीने घेतलेले चौपट परत करण्याचे वचन दिले. लेवीयाच्या ६ व्या अध्यायात मूळ रकमेवर पाचवा हिस्सा अधिक देण्यास सांगितले आहे. आपल्यालाही त्या शेतकऱ्यास निरोप पाठवता येईल, वस्तू परत घ्यावी म्हणून मालकाकडे शब्द टाकता येईल. ते न जमल्यास निदान आपले कमिशन तरी त्यास देता येईल. आणि हेही विसरू नये : प्रभू येशू जक्कयाच्या घरी उतरला तो परतफेडीची वाट न पाहता. क्षमा आपण विकत घेत नाही; क्षमा मिळालेला मनुष्य मात्र हिशेब चुकता करू लागतो.

मननासाठी प्रश्न
१. ज्याला काही कळत नाही असा माणूस समोर आला की आपल्या बोलण्यात कोणता बदल होतो?
२. ज्यास काही परत करावयाचे आहे, असे एखादे नाव आज आपणांस आठवते काय?