सामाईक कोडचा पोटमाळा

चेण्यात राहणाऱ्याला सामाईक गोष्टीची किंमत कुणी शिकवावी लागत नाही. आमचा रस्ता एकच, घोडबंदरचा. गायमुखच्या चढावर गुजरातकडे निघालेला एखादा कंटेनर बंद पडला की शाळेची बस, भाजीचा टेम्पो आणि ठाण्याहून घरी परतणारा मी, सगळे जागच्या जागी. हेच जावाच्या वेब ॲप्लिकेशनबाबत कळायला मात्र मला काही वर्षं लागली.

एका छोट्या कंपनीत आम्ही तिघं. बिलिंग, गोदाम आणि मालपरती अशी तीन ॲप्लिकेशन्स, तीन वॉर फाइल्स, टॉमकॅट एक. कर मोजणारा कोड तिन्हीकडे लागायचा. मी तो बिलिंगमधून उचलला आणि बाकी दोन्हीकडे चिकटवला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. व्हॅट आणि केंद्रीय विक्रीकराचं जुनं गणित काढून नवं दोन ठिकाणी बसवलं. मालपरतीतली प्रत विसरलो. परराज्यात गेलेल्या मालाचं बिल आयजीएसटीचं आणि त्याच मालाची क्रेडिट नोट विक्रीकराची! अकाउंट्सच्या मॅडमनी दोन्ही कागद माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवले. बोलल्या काहीच नाहीत.

तोंड पोळलं, म्हणून दुसऱ्या टोकाला गेलो. दोन ॲप्लिकेशन्सना लागेल ते सगळं ‘कॉमन’ नावाच्या एका जारमध्ये भरलं आणि ती जार थेट टॉमकॅटच्या लिब फोल्डरमध्ये टाकली. एकच प्रत, सगळ्यांना पुरेल! पण तिथला क्लास एकदाच लोड होतो, त्यामुळे त्यातले स्टॅटिक व्हेरिएबलही तिघांत एकच. शेवटी सुरू होणारं गोदाम आपली सेटिंग्ज त्यात लिहायचं आणि बिलांवर गोदामाच्या मालिकेतले क्रमांक पडायचे. मालपरतीच्या वॉरमध्ये त्याच जारची जुनी प्रत राहून गेली होती. तिथे क्लास कास्ट एक्सेप्शन येऊ लागलं. नाव तेच, पण क्लासलोडर दोन, म्हणून जावाच्या लेखी क्लासही दोन. हे उमगायला पूर्ण दिवस गेला.

तोवर ‘कॉमन’चा पोटमाळा झाला होता. तारखा, ईमेल, पीडीएफ, कुणाला कुठे ठेवावं सुचलं नाही ते सगळं तिथे. एके दिवशी बिलिंगला कॉमन लागत होतं आणि कॉमनला बिलिंग. मेव्हनने बिल्डच नाकारला. कान उपटले ते बरंच झालं.

आता आम्ही पाळतो ते असं:

१. मॉड्यूल विषयावरून पाडावं: कर, छपाई, लॉगिन. नाव ऐकून आत काय नसणार हे कळलं पाहिजे. ‘कॉमन’ आणि ‘युटिल्स’ या नावांत काहीही खपतं.

२. वॉरने जारवर अवलंबून राहावं. जारने वॉरवर नाही आणि वॉरने दुसऱ्या वॉरवर तर नाहीच. दोन वॉरना एक गोष्ट लागली तर ती खाली जारमध्ये उतरवावी.

३. सोर्स एक, पण चालताना प्रत ज्याची त्याची. विहीर एक असली तरी हंडे वेगळे असतात. जार प्रत्येक वॉरच्या आत जावी. टॉमकॅटच्या लिबमध्ये फक्त सर्व्हरला स्वतःला लागणारं, म्हणजे त्याच्या कनेक्शन पूलसाठीचा डेटाबेस ड्रायव्हर वगैरे.

४. बाहेरच्या लायब्ररींच्या आवृत्त्या पॅरेंट पॉममध्येच लिहाव्यात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेचं भगदाड उघडं पडलं आणि महिना संपेपर्यंत २.१५.० पासून २.१७.१ पर्यंत चार दुरुस्त्या आल्या. आम्ही दर वेळी एक ओळ बदलली. आपल्या जारचीही स्नॅपशॉट आवृत्ती ग्राहकाकडे पाठवू नये. आज बांधलेलं उद्या तसंच बांधलं जाईल याची खात्री राहत नाही.

५. सामाईक सीएसएस आणि चित्रंही जारमधून देता येतात. सर्व्हलेट ३.० पासून, म्हणजे २००९ पासून, जारमधल्या मेटा-इन्फ फोल्डरात ‘रिसोर्सेस’ नावाचा फोल्डर करून त्यात ठेवलं की पुरतं. फाइल्स तीन ठिकाणी चिकटवू नका.

६. सारखं दिसतं म्हणून एक करू नका. कराचे दर सरकार बदलतं, ते तिघांसाठी एकदमच. म्हणून तो कोड सामाईक. बिलावरचा पत्ता आणि गोदामाचा पत्ता आज जुळे दिसतात, पण उद्या गोदामाला रॅक नंबर हवा असतो. बदलाचं कारण एक असेल तरच कोड एक करा.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर पुन्हा बदलले. या वेळी कराच्या एकाच मॉड्यूलला हात लावला, त्याची आवृत्ती वाढवली, तिन्ही वॉर नव्याने बांधल्या आणि वेळेवर ऑफिसातून निघालो. गायमुखला अडकलो, पण ते नेहमीचंच.