कोर्लईची घरची बोली

आपला पूर्णगड मुचकुंदीच्या मुखाशी आहे. तसाच रायगड जिल्ह्यात कुंडलिकेच्या मुखाशी कोर्लईचा किल्ला आहे. किल्ल्याच्या डोंगराखाली गाव आहे. त्या गावात थोडी ख्रिस्ती घरे आहेत. त्या घरांत निराळीच बोली ऐकू येते. ती पोर्तुगीज भाषेतून निघाली आहे. बोलणारी माणसे सुमारे हजार!

पोर्तुगीज म्हणजे फिरंगी. किल्ला त्यांचा होता. १७३९ साली मराठ्यांनी वसई घेतली. १७४० साली फिरंगी कोर्लई सोडून गेले. राज्य गेले, पण बोली राहिली. तिचे शब्द बहुतेक पोर्तुगीज. पण क्रियापद मात्र मराठीसारखे शेवटी येते. शेजाऱ्याची सवय लागायचीच! तिला ते लोक 'नौ लिंग' म्हणतात. म्हणजे 'आपली भाषा'.

आपणही कोरडे राहिलो नाही बरं का. पाव, बटाटा, चावी, पगार, घमेले हे शब्द फिरंग्यांचेच.

ही बोली शाळेत नाही. शाळा मराठी. पोरगं शाळेत अडू नये म्हणून काही आईबाप घरातही मराठीच बोलतात. त्यांना दोष कसा द्यावा? आम्ही मास्तर मंडळी पोरांच्या घरच्या बोलीला हसत आलो. मीही हसलो आहे.

आता आई लेकराशी बोलेल, तोवरच नौ लिंग आहे.