पोपटाच्या दाण्यावर लाल तेल : किती, कसे आणि कशासाठी?

प्रश्न : आमच्याकडे आफ्रिकन ग्रे जातीचा पोपट आहे. लहानपणापासून तो सूर्यफुलाच्या बिया आणि शेंगदाण्यांवरच वाढला आहे. भाजी दिली तर उचलून खाली टाकतो. गेल्या काही महिन्यांत त्याची पिसे निस्तेज दिसू लागली आहेत आणि अधूनमधून तो शिंकतो. पक्ष्यांचे खाद्य विकणाऱ्या दुकानदाराने रोज चमचाभर लाल पाम तेल दाण्यावर टाकायला सांगितले. सासूबाईंचे म्हणणे, घरात घाण्याचे खोबरेल असताना ते कशाला? आणि यजमान विचारतात, आपल्याला डॉक्टर पाम तेल कमी खा म्हणतात, मग तेच पोपटाला औषध कसे? खरे काय मानायचे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमच्या घरात तिघांची तीन मते आहेत, आणि गंमत म्हणजे तिघांच्याही म्हणण्यात काही ना काही तथ्य आहे. दुकानदाराने तेल बरोबर सांगितले, पण प्रमाण आणि पद्धत दोन्ही चुकली. सासूबाईंचे तेल शुद्ध असेल, पण या पोपटाला जे हवे ते त्यात नाही. यजमानांची शंका तर अगदी योग्य आहे. हा गुंता एकेक धागा काढून सोडवू. त्याआधी एकच सांगतो : शिंका आणि निस्तेज पिसे ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसत असतील, तर तेलाची बाटली आणण्याआधी पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याला पोपट दाखवा. पक्षी आजार लपवतात. तो आपल्या लक्षात येतो तेव्हा बराच वाढलेला असतो.

आता हे तेल पोपटाच्या आहारात आले कुठून ते पाहू. आफ्रिकन ग्रे हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या जंगलांचा रहिवासी. घाना, कॅमेरून, काँगो हा त्याचा मुलूख, आणि तेलमाडाचे झाडही मूळचे त्याच भागातले. या माडाला शेंदरी-लाल फळांचे मोठे घड लागतात. फळाच्या मध्ये कडक बी आणि भोवती तेलकट, तंतुमय गर असतो. हे पोपट तो गर आवडीने खातात. म्हणजे लाल पाम तेल ही कुणा कंपनीने शोधलेली नवलाई नव्हे. या पक्ष्याच्या मूळच्या आहारातल्या एका पदार्थाचा तो अर्क आहे.

पण येथेच पहिला गैरसमज होतो. किराणा दुकानातले पामोलिन आणि लाल पाम तेल एकाच फळाच्या गरातून निघते, तरी पोपटाच्या दृष्टीने दोन्हींत मोठा फरक आहे. कच्च्या तेलाला तो गडद लाल रंग कॅरोटीनमुळे येतो. एक किलो तेलात ते साधारण ५०० ते ७०० मिलिग्रॅम असते. रिफायनरीत तेलाचा रंग आणि वास काढून टाकतात, त्यात हे कॅरोटीनही जाते. उरते ते फिकट पिवळे तेल, म्हणजे नुसती चरबी. तळणीला ते चालते, पण पोपटाला ज्यासाठी तेल द्यायचे तेच त्यात उरलेले नसते. फळातल्या बीपासून काढलेले पाम कर्नल तेल तिसरेच. त्यातही कॅरोटीन जवळजवळ नसते. त्यामुळे बाटलीवर ‘पाम’ एवढे वाचून ती घेऊ नका.

या कॅरोटीनचे महत्त्व काय? पक्ष्याचे शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करते. नाक, घसा, श्वासनलिका आणि मूत्रपिंडे यांना आतून ओलसर, मऊ पेशींचे अस्तर असते. ते नीट राखण्याचे काम हे जीवनसत्त्व करते. ते कमी पडले की अस्तर कोरडे आणि जाड होत जाते. मग जंतूंना वाट मिळते : शिंका, नाकातून स्राव, डोळ्यांभोवती सूज, तोंडात पांढरे चट्टे. पशुवैद्य चोच उघडून टाळूवरची उभी फट पाहतात. निरोगी पोपटात तिच्या कडेने बारीक टोकदार काटे दिसतात. अ जीवनसत्त्व दीर्घकाळ कमी पडले असेल तर ते बोथट होतात किंवा झिजून जातात. शेपटीच्या मुळाशी एक तैलग्रंथी असते. पोपट तिचे तेल चोचीने पिसांना लावत असतो. या कमतरतेने ती ग्रंथीही बिघडते. पिसांची चमक जाण्याचे हे एक कारण असू शकते.

सूर्यफुलाच्या बियांत अ जीवनसत्त्व नसल्यात जमा आहे. उलट त्यांच्या गराच्या वजनात जवळजवळ निम्मी चरबी असते. शेंगदाण्याचीही गत तशीच. म्हणजे तुमच्या पोपटाला तेल कमी पडत नाही, ते आधीच भरपूर मिळते आहे. कमी आहे ते कॅरोटीन, कॅल्शियम आणि आणखी बरेच काही. म्हणून ‘पोपटाला तेल द्यावे का’ यापेक्षा ‘त्याच्या वाटीत कॅरोटीन कसे आणावे’ हा प्रश्न विचारला, तर उत्तर लवकर सापडते.

आता प्रमाणाकडे वळू. कोणतेही तेल असो, त्याच्या एका ग्रॅममधून ९ किलोकॅलरी मिळतात. चमचा म्हणजे ५ मिलिलिटर धरला, तर त्यात चाळीसहून अधिक किलोकॅलरी झाल्या. ग्रेचे वजन साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, आणि घरातल्या पोपटाची दिवसाची गरज ढोबळमानाने सत्तर-ऐंशी किलोकॅलरी. म्हणजे त्या एका चमच्यात त्याच्या दिवसभराच्या खाण्यातला निम्मा वाटा येतो. तुम्ही-आम्ही रोजच्या जेवणाशिवाय पाऊण वाटी तेल प्यायल्यासारखेच हे झाले. रानातला पोपट अन्नासाठी कित्येक किलोमीटर उडतो. आपला दिवसाकाठी दांडीवरून वाटीपर्यंत जातो. ती जादा चरबी यकृतात आणि रक्तवाहिन्यांत साठते. रक्तवाहिन्या कडक होण्याचा आजार पाळीव पोपटांत बराच आढळतो आणि त्यात ग्रे ही जात पुढे आहे. लाल पाम तेलातली जवळजवळ निम्मी चरबी संतृप्त असते, ही तुमच्या यजमानांची धास्ती पोपटालाही लागू पडते.

मग किती द्यायचे? घालायचेच असेल तर दोन-चार थेंब, आठवड्यातून दोन-तीनदा. तेही पशुवैद्याला विचारून. चार थेंब म्हणजे सुमारे ०.२ मिलिलिटर. त्यातून साधारण ०.१ मिलिग्रॅम कॅरोटीन मिळते. आता गाजराशी तुलना करू. १०० ग्रॅम गाजरात सुमारे ८ मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन असते; म्हणजे पाच ग्रॅमच्या एका चकतीत ०.४ मिलिग्रॅम, चार थेंबांच्या चौपट. मात्र गाजरातले कॅरोटीन पेशींच्या भिंतींआड अडकलेले असते, त्यामुळे त्यातले थोडेच अंगी लागते. तेलातले सहज शोषले जाते. गाजर वाफवले की भिंती मऊ होतात आणि हा फरक कमी होतो. शोषणासाठी थोडी चरबी लागते, ती दाण्यांतून मिळतेच. थोडक्यात, तेल गाजराची जागा घेत नाही, पण भाजी न खाणाऱ्या पोपटाला भाजीकडे वळवायला मदत करू शकते.

पद्धतीतली चूक तर अनेक घरांत होते. पोपट बी सोलून खातो. दाण्यावर तेल टाकले की ते टरफलाला लागते, आणि टरफल तळाशी पडते. पिंजऱ्याखालचा कागद तेलाने माखतो, पोपटाच्या पोटात मात्र नाममात्र जाते. शिवाय तेलाळलेले दाणे दमट हवेत लवकर खवट होतात. पाण्याच्या भांड्यातही तेल टाकू नका. ते वर तरंगते आणि पोपट पाण्याला गेला की छातीच्या पिसांना चिकटते. वाफवलेल्या लाल भोपळ्याच्या फोडीवर, मऊ शिजवलेल्या डाळीच्या घासावर किंवा पोळीच्या लहानशा तुकड्यावर थेंब टाका आणि तो घास संपताना पाहा. उरलेला तासाभरात काढून टाका. बाटली गडद काचेची आणि लहान असावी, ती फ्रिजमध्ये ठेवावी. थंडीत हे तेल थिजते, त्याने ते बिघडत नाही. बाटली कोमट पाण्यात धरली की पातळ होते. पण खवट वास आला, तर ते टाकूनच द्या. खवट तेलाने शरीरातले ई जीवनसत्त्वही वाया जाते.

सासूबाईंच्या खोबरेलाबद्दल : त्यात जवळजवळ ९० टक्के संतृप्त चरबी असते आणि कॅरोटीन नसते. त्यामुळे या पोपटाच्या अडचणीवर ते उपाय होऊ शकत नाही. जवसाच्या तेलात ओमेगा-३ वर्गातली चरबी भरपूर असते आणि ती उपयुक्तही आहे, पण ते तेल हवा आणि उष्णता लागताच फार लवकर बिघडते. त्यापेक्षा घरात चटणीसाठी आणलेले जवस चिमूटभर ताजे कुटून, मीठ-मसाला न घालता मऊ खाण्यात मिसळावे. अक्रोडाचा छोटा तुकडाही चालेल. माशाच्या यकृताचे तेल, म्हणजे कॉड लिव्हर ऑइल, मात्र स्वतःच्या मनाने अजिबात देऊ नका. त्यात तयार अ आणि ड जीवनसत्त्वे असतात आणि जास्त झालेली ती शरीरात साठून विषारी ठरू शकतात. कॅरोटीनचे तसे नसते; शरीर त्यातून गरजेपुरतेच अ जीवनसत्त्व करते. पोपट पेलेट्स, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्या, खात असेल, तर त्यांत अ जीवनसत्त्व आधीच घातलेले असते, आणि मग वरून कोणतेही जीवनसत्त्वाचे थेंब देण्याचे कारण उरत नाही.

आणखी एक गैरसमज काढून टाकू. पिसे रुक्ष दिसली की काही जण त्यांवर खोबरेल किंवा मोहरीचे तेल चोळतात. ग्रेच्या पिसांतून पांढरी भुकटी झडत असते, ती त्याची स्वाभाविक स्वच्छतेची सोय आहे. तेल लागले की भुकटी आणि पिसे एकमेकांना चिकटतात, पिसांमध्ये उबेसाठी धरलेली हवा निघून जाते आणि अंग थंड पडते. तेल साफ करायला पोपट ते चोचीने चाटतो, ते वेगळेच. पिसांसाठी साध्या कोमट पाण्याचा फवारा पुरेसा. पिसे उपटणे हाही तेलाने बरा होणारा विकार नाही. त्यामागे आजार, एकटेपणा किंवा रिकामपण असू शकते.

तेलाच्या चर्चेत ग्रेची एक मोठी गरज विसरली जाते : कॅल्शियम. ही जात रक्तातले कॅल्शियम उतरून झटके येण्यासाठी ओळखली जाते. सूर्यफुलाच्या बीत कॅल्शियमच्या सुमारे आठपट फॉस्फरस असतो, म्हणजे प्रमाण अगदी उलटे. कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवे, आणि ते उन्हात शरीरात तयार होते. खिडकीची काच ते उपयुक्त किरण अडवते, त्यामुळे काचेआडून ऊन दाखवून भागत नाही. पिंजरा गॅलरीत ठेवा. अर्ध्या भागावर सावली असू द्या आणि कावळे-मांजरांवर नजर ठेवा. तेल यातले काहीच देत नाही. आतड्यात जादा चरबी असेल तर ती कॅल्शियमच अडवून ठेवते.

भाजी फेकणाऱ्या पोपटाचे काय करायचे? ग्रे नव्या वस्तूला बिचकतात, म्हणून घाई करू नका. दाणे एकदम बंद केले तर तो उपाशी बसेल. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर त्याचे वजन करून लिहून ठेवा. दहा टक्के घटले, तर थांबून पशुवैद्याला विचारा. सकाळी भूक लागलेली असते, तेव्हा आधी भाजी आणि तासाभराने दाणे द्या. लाल भोपळा, गाजर, नारिंगी गराचे रताळे, पिकलेली पपई, लाल ढोबळी मिरची, शेवग्याचा पाला, मेथी हे सगळे कॅरोटीनचे चांगले स्रोत आहेत. तिखट मिरचीही चालेल. पक्ष्यांना तिखटाची आग जाणवत नाही. अॅव्होकाडो मात्र विषारी आहे, तो चुकूनही देऊ नका. घरातल्यांनी त्याच्यासमोर बसून तीच फोड चवीने खाल्ली, तर पुष्कळदा पोपटही मागायला येतो. दाण्यांचे प्रमाण काही आठवड्यांत हळूहळू कमी करा आणि त्यांची जागा पेलेट्स, भाज्या, कडधान्ये यांना द्या.

शेवटी इतर वाचकांसाठी दोन गोष्टी. हा सल्ला ग्रेपुरता आहे. बजरीगर आणि कॉकाटील हे ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या गवताळ भागातले, गवताच्या बियांवर जगणारे पक्षी. त्यांच्या मूळ आहारात तेलमाड नाही आणि लहान देहात चरबी लवकर साठते. दुसरे म्हणजे, आपला देशी हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार गुन्हा आहे. त्याला तेल काय द्यावे हा प्रश्नच उद्भवत नाही. ग्रे हा परदेशी असला, तरी आंतरराष्ट्रीय करारानुसार २०१७ पासून सर्वाधिक संरक्षित यादीत आहे, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा पक्ष्यांची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. तुमची झाली नसेल, तर तेलाआधी ते काम उरका.

तेव्हा तुमच्या घरच्या वादाचा निकाल असा : आधी पशुवैद्य, मग वाटीतला बदल, आणि त्यानंतर हवेच असेल तर भोपळ्याच्या फोडीवर लाल तेलाचे दोन-चार थेंब. भाजी रोजच्या खाण्यात रुळली की तेल बंद केले तरी त्याचे काही अडणार नाही.