संध्याकाळचं इंद्रधनुष्य ‘पश्चिमेला’ कसं?

प्रश्न : संध्याकाळी इंद्रधनुष्य पूर्वेला दिसतं असं पुस्तकात असतं. आम्ही कात्रपला, म्हणजे बदलापूर पूर्वेला राहतो. मग त्याचं डावं टोक स्टेशनपलीकडे, बदलापूर पश्चिमेच्या बाजूला कसं दिसतं? आणि भर दुपारी ऊन-पाऊस असूनही इंद्रधनुष्य का पडत नाही?
– एक वाचक, कात्रप

उत्तर : पुस्तकाचं बरोबर आहे, घोळ रेल्वेच्या दिशांचा आहे. कल्याणनंतर कर्जतची लाइन आग्नेयेकडे वळते, पण मुंबईपासून चालत आलेली ‘पूर्व-पश्चिम’ ही नावं काही वळत नाहीत. त्यामुळे कात्रप रुळांच्या नैर्ऋत्येला येतं आणि उल्हास नदीकडचं बदलापूर पश्चिम ईशान्येला! संध्याकाळी सूर्य डोंगरांकडे कलला की धनुष्याची कमान पूर्वेला उभी राहते आणि तिचं डावं टोक नदीच्या, बारवीच्या अंगाला उतरतं. अर्थात तिकडे पाऊस पडत असायला हवा.

आता दुपारचं. किरण थेंबात शिरताना वाकतो, आत मागच्या बाजूवर आपटून परततो आणि बाहेर पडताना पुन्हा वाकतो. प्रत्येक रंग थोडा वेगळा वाकतो, म्हणून रंग सुटे होतात. परतणारा प्रकाश एका ठरावीक कोनाशी सर्वांत दाट असतो : तांबड्यासाठी सुमारे ४२ अंश, जांभळ्यासाठी सुमारे ४०. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांनी याचं गणित १६३७ मध्ये छापलं. प्रयोगासाठी त्यांनी थेंबाऐवजी पाण्यानं भरलेला काचेचा गोल वापरला होता.

हा कोन मोजायचा सूर्याच्या बरोबर विरुद्ध बिंदूपासून, म्हणजे आपल्या डोक्याची सावली पडते त्या दिशेपासून. सूर्य जितका वर, तितका हा बिंदू क्षितिजाखाली. सूर्य ४२ अंशांच्या वर गेला की अख्खी कमान क्षितिजाखाली जाते. जून-जुलैत बदलापुरात साधारण सकाळी सव्वानऊ ते दुपारी चार हीच स्थिती असते. सोपी खूण अशी : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर आकाशात धनुष्य शोधू नये.

दुपारची कमान पाहायचीच असेल, तर उघडीप मिळाल्यावर गच्चीत जा. सूर्याकडे पाठ करा, नळीच्या तोंडावर बोट दाबून बारीक फवारा समोर खाली सोडा आणि नजरही खालीच ठेवा. रंग तिथे दिसतील.